पान सात, ओळ तिसरी

"यात तर छापलंय, त्यांना मूलबाळ नव्हतं," मालक म्हणाले. "मग तुम्ही कोण?"

मालक गमतीनंच म्हणाले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, पुस्तिका नाकाशी धरलेली, दुसऱ्या हातात चहाचा कप. कवळ्या बनवायच्या त्या दोन खोल्यांत सकाळची कामं नुकती सुरू झाली होती, प्लास्टरची पूड अजून हवेत चढली नव्हती. तिच्या हातात कुणा निवृत्त शिक्षिकेचा मेणात बसवलेला खालचा जबडा होता आणि गरम सुरीच्या टोकानं ती डावीकडची दाढ केसभर आत ढकलत होती. सुरी घसरली. दाढ मेणात बुडाली. एकोणीस वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. "बघू," म्हणून तिनं हात पुसले आणि पुस्तिका घेतली. पान सात, ओळ तिसरी. 'थोरल्यांना मूलबाळ नव्हते. अवघी जमात हेच त्यांचे लेकरू.' वर बाबांचा फोटो, कुठल्याशा सभेतला, तोंड उघडं, बोट वर. तोंड उघडं असल्यामुळं वरचे समोरचे चार दात स्पष्ट दिसत होते. ते चारही तिनं एकेक करून लावले होते, आणि उजवीकडचा दुसरा मुद्दाम किंचित तिरका ठेवला होता, कारण त्यांचा मूळचा तसाच होता.

"छापण्यात चूक झाली असेल," मालक म्हणाले. आता त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"असेल," ती म्हणाली, आणि बुडालेली दाढ उकरून काढायला बसली.

बाबा जाऊन सव्वीस दिवस झाले होते, आणि या सव्वीस दिवसांत ते कोण होते हे तिला येणाराजाणारा सांगत होता. फोन यायचे. ओळख ना देख, माणसं सांत्वनाला म्हणून फोन करायची आणि शेवटी तिलाच त्यांचं सांत्वन करावं लागायचं. "ते आम्हाला बापासारखे होते हो," असं म्हणून एक ट्रकवाला चांगला दहा मिनिटं रडला आणि ती फोन कानाशी धरून 'हो, हो, पाणी प्या' म्हणत राहिली. एका बाईनं सांगितलं, थोरल्यांनी माझं लग्न जुळवलं. दुसऱ्या एकाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं. पोहायला! तिला पोहता येत नाही. नऊ वर्षांची असताना आई गेली आणि बाबांनी तिला शहरातल्या वसतिगृहात आणून सोडलं. तिथं पाणी असायचं ते बादलीत. बाबा भेटायला यायचे तेही कधी एकटे नाही. चार-पाच जण बरोबर, कुणाच्या बगलेत अर्जाची गुंडाळी, कुणाच्या हातात नकाशा. वसतिगृहाच्या बाकड्यावर सगळे ओळीनं बसायचे आणि ती समोर उभी, तोंडी परीक्षेला उभी केल्यासारखी. "ही शिकतेय," बाबा बाकीच्यांना सांगायचे, दर वेळी तेच, जणू गेल्या खेपेला ती आणखी काही करत होती. मग बोलणं पुन्हा कचेरीकडं वळायचं. ती पंधरा वर्षांची झाली तेव्हा खाण कंपनीनं बाबांच्या खोऱ्यातली एकशे चाळीस घरं उठवली आणि खटला सुरू झाला. तो एकतीस वर्षं चालला. एकतीस वर्षं बाबा सगळ्यांचे होते. तक्रार तिनं कधी केली नव्हती. सगळ्यांना वाटून उरलं तेवढं आपलं, हे तिनं मान्यच करून टाकलं होतं. पण आता छापून आलं होतं की उरलेलंही तिचं नव्हतं, आणि तेही चांगल्या जाड कागदावर.

दुपारी तिनं पुस्तिका काढणाऱ्या, खोऱ्याचा खटला लढवणाऱ्या समितीच्या चिटणिसांना फोन लावला. चिटणीस तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, त्याच खोऱ्यातले, बाबांच्या मागं कागदांची पिशवी घेऊन हिंडत मोठे झालेले. आता पिशवी त्यांच्याकडंच आली होती. "ताई, मी तुम्हाला फोन करणारच होतो," ते म्हणाले. हे वाक्य ऐकलं की तिच्या डोक्यात तिडीक उठायची. जो फोन करणारच असतो तो कधी करत नाही. "फोनवर नको. तुम्ही कार्यालयात या. म्हणजे, समोरासमोर सांगतो."

समितीचं कार्यालय एका टंकलेखनाच्या क्लासच्या मागं होतं. भिंतीपलीकडं कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा बडवत होतं. फडताळात पुस्तिकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवलेले. चिटणिसांनी तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडं वळवला, पाणी आणलं, पंखा पुन्हा थोडा वळवला.

"पंखा राहू द्या," ती म्हणाली. "चूक कुणाची?"

"चूक नाही, ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे थोरल्यांनी स्वतः सांगितलंय, तीन वर्षांपूर्वी. साक्षीत. शपथेवर." त्यांनी कपाटातून निकालाची प्रत काढली. मधेच एक पान दुमडून ठेवलेलं होतं. तिच्या आधी कितीदा ते उघडलं गेलं असेल कोण जाणे. "कंपनीचं म्हणणं असं होतं की हा माणूस स्वतःच्या घरासाठी भांडतोय, लोकांना पुढं करून. उद्या सगळ्यात चांगली जमीन याच्याच वारसांना जाणार. म्हणून त्यांच्या वकिलानं सरळ विचारलं, तुमच्यामागं तुमच्या वाट्याचा हक्कदार कोण? थोरले म्हणाले, कुणी नाही. मला मूलबाळ नाही. न्यायाधीशांनी निकालात तेच लिहिलंय, बघा ना. ज्याला मिळवायचं काही नाही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. सगळा निकाल त्यावर उभा आहे म्हटलं तरी चालेल."

तिनं ते पान वाचलं. टंकलेखनवाला ओळ चुकला आणि पहिल्यापासून सुरू झाला.

"निकाल लागून सदतीस दिवस झाले," चिटणीस हळू आवाजात म्हणाले. "कंपनीला वरच्या कोर्टात जायला नव्वद दिवसांची मुदत आहे. अजून त्रेपन्न दिवस. त्यांना कळलं की थोरल्यांना मुलगी आहे, तर ते म्हणतील साक्षच खोटी. एकशे चाळीस घरं, ताई. म्हणून पुस्तिकेत आम्ही साक्षीत होतं तेच ठेवलं. मला रात्र रात्र झोप नव्हती."

"तुम्हाला माहीत होतं, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तीन वर्षं."

"मला वाटलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल."

उठून एखादा गठ्ठा त्यांच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की या माणसाच्या शर्टाची दोन बटणं वेगळ्या रंगाची आहेत आणि त्याचे डोळे खोल गेलेत. संताप करायला धड माणूससुद्धा समोर नसावा! ज्याच्यावर करायचा तो सव्वीस दिवसांपूर्वी निघून गेला होता. "साक्षीचा आवाज आहे का तुमच्याकडं?" तिनं विचारलं. आहे म्हणाले. फोनवरच होता. त्यांनी लावून दिला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले, तेवढं तरी त्यांना सुचलं.

आवाज स्पष्ट होता. फारच स्पष्ट. बाबा आपली बोली सोडून कोर्टाच्या भाषेत बोलत होते, प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवल्यासारखा, आणि स कुठंही शिट्टी मारत नव्हता. तो स तिचा होता. साक्षीच्या महिनाभर आधी बाबा अचानक तिच्या कारखान्यात येऊन उभे राहिले होते, पहिल्यांदाच एकटे. "साक्ष द्यायचीय," म्हणाले, "आणि माझे शब्द बोळक्यातून गळतात. ते वकील हसतात." माप घेणं हे डॉक्टरांचं काम, तिचं नव्हे, पण बाबा दवाखान्यात जायला तयार नव्हते. रविवारी मालकांकडून किल्ली मागून घेऊन तिनं स्वतःच घेतलं. चार रविवार. पहिल्या रविवारी माप, दुसऱ्या रविवारी मेणावर चावायला लावून दोन्ही जबड्यांचा मेळ, तिसऱ्या रविवारी दात लावून बघणं, चौथ्या रविवारी घासणं. स म्हणताना शिट्टी वाजायची म्हणून खालच्या कडेवरून नखाच्या जाडीइतकं घासायचं, तोंडात घालायचं, बोला म्हणायचं. पुन्हा काढायचं, पुन्हा घासायचं. बाबा जुन्या वर्तमानपत्रातली बातमी मोठ्यानं वाचायचे. साखर, सरकार, सात, सासर. दोघं हसायची सुद्धा. आता फोनमधून तोच घासूनपुसून केलेला स बाहेर येत होता. तुमच्या संततीपैकी कुणी? वकिलानं विचारलं. आणि बाबा म्हणाले, "संतती नाही. मला मूलबाळ नाही." जराही न अडखळता. कवळी इतकी चांगली बसली होती.

तिनं ते वाक्य तीनदा ऐकलं. अडखळले असते तर बरं झालं असतं, निदान खोकले असते. पण बाबा खोकलेसुद्धा नाहीत. आणि मग तिला पहिला रविवार आठवला आणि तिनं फोन टेबलावर पालथा घातला. माप घेताना लगदा भरलेली ती धातूची वाटी तोंडात दाबून धरावी लागते, लगदा घट्ट होईपर्यंत तीन मिनिटं. माणसाला बोलता येत नाही, नुसतं नाकानं श्वास घेत बसावं लागतं. आयुष्यात पहिल्यांदा बाबा तिच्यासमोर एकटे होते आणि गप्प होते. तिचे दोन्ही हात त्यांच्या गालांवर. त्यांच्या गालाची कातडी इतकी मऊ असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि काय झालं कोण जाणे, ती बोलायला लागली. जे चौतीस वर्षांत बोलली नव्हती ते त्या तीन मिनिटांत. म्हणाली, बाबा, खोरं परत मिळालं ना, तर मला तिथं एक खोली बांधायचीय. मोठी नको. आईला पुरलंय त्या उतारावर. इथं माझं कुणी नाही. नवरा सोडून गेला त्यालाही आता आठ वर्षं होतील, मी तुम्हाला कळवलं नाही कारण तुमच्याबरोबर नेहमी माणसं असायची. मी तिथं बसून खोऱ्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे दात करीन. बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि माप निघेपर्यंत सोडलं नाही. तिला वाटलं होतं तो होकार आहे. वाटी काढल्यावर त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "चव फार घाण आहे याची." एवढंच. महिन्यानं जाऊन त्यांनी कोर्टात तिची खोली, उतार आणि ती स्वतः, सगळं दोन वाक्यांत देऊन टाकलं. तिला त्यांनी साक्षीला येऊ दिलं नव्हतं. "काम सोडून कशाला येतेस? तिथं नुसतं बसायचं असतं." ती रुसली होती. रुसून घेतलं म्हणायचं, कारण तिचा रुसवा त्यांच्यापर्यंत पोचायला मधे पाच माणसं असायची.

संध्याकाळी ती आत्याकडं गेली. आत्या बाबांची धाकटी बहीण, शहराच्या कडेला दुसऱ्या मजल्यावर राहते. लिहितावाचता येत नाही, पण कुणाच्या तोंडाकडं बघून ते खरं बोलतंय का खोटं हे सांगते, आणि बहुतेकदा बरोबर सांगते. ती दारात आली तशी आत्या म्हणाली, "कळलं वाटतं."

"तू होतीस तिथं? कोर्टात?"

"होते. पहिल्या बाकावर."

"मग?"

"मग काय? तो बोलला, मी ऐकलं."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"तो म्हणाला, मीच सांगतो तिला. आपल्या तोंडानं सांगतो. मी म्हटलं, बरं. दर महिन्याला विचारायची, सांगितलंस का? म्हणायचा, सांगतो, या निकालाचं एकदा होऊ दे. सांगतो, पाय बरा होऊ दे. सांगतो, सांगतो. तीन वर्षं नुसता सांगतोच आहे." आत्यानं ओली साडी दोरीवर फटकारून टाकली. "पन्नास हजार माणसांपुढं बोलायला त्याला कधी भीती वाटली नाही. तुझ्यापुढं वाटली. काय करू मी?"

"त्यांनी माझी खोली दिली, आत्या."

"माहीत आहे. तेही सांगितलं त्यानं. म्हणाला, पोरीनं आजवर एकच गोष्ट मागितली, आणि नेमकी तीच देता यायची नाही." आत्यानं साडीची चुणी सरळ केली. "घरी येऊन जेवला नाही त्या दिवशी. कवळी काढून फडताळात ठेवली ती दोन दिवस घातली नाही. मी म्हटलं, नाटकं करू नकोस."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. उलट ती जास्तच चिडली. कवळी काढून ठेवून कुणाचं भलं झालं? एक पत्र लिहिता आलं नाही? तिचा पत्ता काय बदलला होता? एक शब्द विचारला असता, हे असं असं आहे, काय करू, तर ती नाही म्हणाली असती का? ती म्हणाली असती, द्या. रडली असती आणि द्या म्हणाली असती. तेवढंही त्यांनी तिच्याकडं ठेवलं नाही. तिच्या वतीनं मोठेपणासुद्धा त्यांनीच करून टाकला. आत्या म्हणाली, "जमीन मिळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे की. माझ्या घरात ये." ती म्हणाली, "पाहुणी म्हणून?" "मग काय म्हणून? भाची म्हणून. आता त्यात कसली लाज?" ती चपला घालून निघाली. जिना उतरताना मात्र तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाही राग आला.

शोकसभा पुढच्या रविवारी एका शाळेच्या सभागृहात होती. जाऊ नये असं तिनं सहा दिवस ठरवलं आणि सातव्या दिवशी इस्त्री केलेले कपडे घालून गेली. तिसऱ्या रांगेत बसली, शेजारी आत्या. एकामागून एक लोक बोलले. एका प्राध्यापकांनी सांगितलं की थोरले कधीच रागावत नसत, आत्या ऐकू जाईल इतक्या जोरात "हं!" म्हणाली. नदीच्या वरच्या अंगाला राहणारा एक म्हातारा उठला आणि नुसता उभा राहिला, काही न बोलता, आणि बसला. ते तिला सगळ्यात खरं वाटलं. मग कुणीतरी पाहुणे म्हणाले, "स्वतःचं मूल नसलेला हा माणूस साऱ्यांचा बाप झाला," आणि टाळ्या पडल्या. उठावं आणि म्हणावं, मी इथं बसलेय. नुसतं उभं राहायचं, बस्स. अडवलं तरी कुणी असतं? पण पुढच्या दोन रांगांत खोऱ्यातल्या बायका बसल्या होत्या, कडेवर नातवंडं घेऊन, आणि त्यातल्या कित्येकींना तिचं नातं माहीत होतं. टाळ्या पडल्या तशा त्या एकेक करून मागं वळल्या आणि तिच्याकडं बघू लागल्या. एकीचाही हात टाळीला उठला नव्हता. त्या विनवत नव्हत्या, धाकही घालत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, आणि तिला कळलं की त्यांनाही हे ओझं झालंय, इतकी माणसं मिळून एक खोटं उचलून धरायचं म्हणजे काही सोपं नाही. ती बसून राहिली.

सभा सुटल्यावर दाराशी रेडिओवरची एक मुलगी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन उभी होती. "तुम्ही थोरल्यांच्या कोण?" तिनं विचारलं. चिटणीस लांबून बघत होते, चेहरा पडलेला.

"मी त्यांचे दात केले," ती म्हणाली.

मुलगी हसली. तिला ते फार आवडलं. "अय्या, म्हणजे त्यांचा आवाज तुमच्यामुळंच!" ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडं वळली.

मग दिवस गेले. ती कामावर गेली, कवळ्या केल्या, मालकांनी पुन्हा विषय काढला नाही. रोज सकाळी पहिल्यांदा तिला आकडा आठवायचा, एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस, आणि त्या आकड्याची चीड यायची, कारण हळूहळू तिलाही तो लवकर सरावा असं वाटायला लागलं होतं. म्हणजे बाबांनी मेल्यावरही तिला कामाला लावलंच होतं. कंपनी वर गेली नाही. नव्वदावा दिवस संपला आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी दहाला ती आत्याला घेऊन समितीच्या कार्यालयात हजर झाली.

चिटणीस खुशीत होते. त्यांनी पंखा वळवला. "सुटलो, ताई. वकील म्हणाले, आता कुणी काही करू शकत नाही."

"छान. मग पान सात दुरुस्त करा."

"करू की. दुसऱ्या आवृत्तीत नक्की."

"ती कधी?"

"पहिली संपली की."

"किती उरल्यात?"

त्यांनी फडताळाकडं बघितलं. "असतील सातशे. पण ताई, आता सगळं शांत झालंय. लोकांना कशाला पुन्हा..."

"खोली मागत नाही मी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला आणि भिंतीपलीकडचं टंकलेखन थांबलं. "ती गेली, तिच्यावर मी पाणी सोडलं. यादीत नाव नको. मुदत संपेपर्यंत गप्प बसले, त्यांना विचारावंसं वाटलं नाही तरी बसले. पण ही सातशे माणसं वाचणार आणि मी नव्हते असं समजणार, हे मी चालू देणार नाही. मी होते. मी आहे. छप्पन्न वेळा वसतिगृहात भेटायला आले होते ते, मी मोजलेत. कुणाला भेटायला आले होते मग?"

तिनं स्वतःच जाऊन एक गठ्ठा उतरवला, सुतळी सोडली, पहिली पुस्तिका घेऊन पान सात काढलं आणि पर्समधलं पेन उघडलं. 'थोरल्यांना मूलबाळ नव्हते'मधलं 'मूलबाळ नव्हते' खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं, 'एक मुलगी आहे.' शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. दुसरी घेतली.

आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली. "मलाही दे."

"तुला लिहिता कुठं येतं?"

"खोडता येतं की. कुठलं खोडायचं ते दाखव. बोट ठेव त्याच्यावर." तिनं बोट ठेवलं. आत्यानं वाकून ते दोन शब्द नीट निरखून घेतले, चेहरा लक्षात ठेवावा तसे. मग पेन मुठीत धरलं आणि एक आडवी रेघ ओढली. "हे घे," ती म्हणाली, कुणाला ते उघडच होतं. "सांगतो सांगतो म्हणत होतास."

मग चिटणीस उठले, दुसरा गठ्ठा उतरवला आणि तिच्या समोर बसले. "माझं अक्षर वाईट आहे, ताई."

"चालेल."

आत्या खोडायची आणि पुस्तिका ढकलायची, ती आणि चिटणीस लिहायचे. पाचव्या-सहाव्या पुस्तिकेला आत्याला हात बसला आणि जोर आला. पेनाचं टोक कागदातून पार गेलं, पान आठवर उमटलं.

"हळू, आत्या. पान फाटतंय."

"फाटू दे," आत्या म्हणाली. "पुढचं आण."